गैरहजर गड्याचा नियम

१

दाजीबानपेठ रविवारी दुपारी गाढ झोपायची. शटरं खाली, हमाल आपापल्या गावी, रस्त्यावर नुसत्या सुतळ्या आणि कागद. जागा असायचा तो एकटा रामचंद्र अप्पांच्या कापडदुकानावरचा माळा. उभ्या लाकडी जिन्यानं वर गेलं की दोन्हीकडे ताग्यांचे गठ्ठे, खळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास, मधे एक गादी, आणि गादीवर मांडी घालून अप्पांचा थोरला मुलगा, प्रभंजन.

सन दोन हजारच्या सुमारास पुण्याच्या हॉस्टेलातून तो इंजिनिअरिंगची अर्धवट डिग्री आणि एक पुरा खेळ घेऊन हुबळीला परतला होता. ह्या खेळाला ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट रचत जायची, त्यात जंगलं, भुयारं, राक्षस, जादू. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. विनायक तलवारबहाद्दर व्हायचा, त्याची बहीण सायली जादूगारीण, आणि श्रीकांत चोर. एरवी विनायक औषध कंपनीच्या बॅगा वाहायचा, सायली कॉलेजात शिकवायची आणि श्रीकांत सासऱ्याच्या दुकानात बसायचा, पण रविवारी माळ्यावर हे कोणी बोलून दाखवत नसे.

गोष्ट रचणारा अर्थातच प्रभंजन. पण त्याचा जीव गोष्टीत कमी आणि नियमांत जास्त. पुस्तकातले इंग्रजी नियम त्याला कच्चे वाटायचे. "ह्यात बॅलन्सच नाही," म्हणत तो स्वतःचे घरचे नियम घडवायचा आणि पुठ्ठ्यावर लिहून गठ्ठ्यांना टाचून ठेवायचा. सगळं आयुष्य गजानं मापणाऱ्या घरात जन्मून ह्याला तराजूचं वेड लागलं होतं.

त्यातला सगळ्यांच्या आवडीचा नियम पंच्याचा. एकाची चाल ऐकून दुसरा आपली बदलतो, हे प्रभंजनला खुपायचं. अप्पांच्या तरुणपणी घाऊक व्यापारी पंच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करत, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. प्रभंजननं तेच उचललं. गादीवर मधोमध अप्पांचा जुना पंचा पसरायचा, त्याखाली प्रभंजनचा हात. ज्यानं त्यानं पाळीनं आपल्या बाजूनं हात घालायचा आणि बोटांनी चाल सांगायची. एक बोट म्हणजे मी पुढे. दोन बोटं म्हणजे मी मागे. उघडा पंजा म्हणजे तुम्ही सांगाल ते. चाल मान्य असली की प्रभंजन ते बोट दाबायचा, आणि एकदा दाबलं की फिरवाफिरवी नाही. अप्पांच्या वेळी गाडीभर कापड असंच नुसत्या दाबलेल्या बोटावर विकलं जाई.

२

आणखी एक गडी होता, सुरज. अळणावरकडच्या खेड्यातला, कोप्पीकर रोडवर झेरॉक्सच्या दुकानात कामाला. प्रभंजनच्या पुस्तकाची पानं काढता काढता त्यानंच विचारलं होतं, "अण्णा, ह्यो राक्षसांचा काय प्रकार हाय?" आणि प्रभंजन हौसेनं त्याला माळ्यावर घेऊन आला.

बाकीच्यांनी आपल्या पात्रांना राजेरजवाड्यांची नावं दिली होती. सुरजनं आपल्याला ढालकरी केलं आणि नाव ठेवलं यल्लप्पा. सगळे हसले, तोही हसला.

"अरे, ढाल काय घेतोस? तलवार घे की," विनायक म्हणाला.

"नको. कुणीतरी पुढं उभं राहाय पाहिजे की अण्णा."

पहिले काही रविवार मजेत गेले. मग तो टोचायला लागला. गादी मळू नये म्हणून तो समोरच्या बाजूला एक गोणपाट घडी घालून त्यावर बसायचा, आणि ते बघून उगाच सगळ्यांना आपण गादीवर बसलोय ह्याची आठवण व्हायची. त्याला प्रश्न फार. भुयारात वारा कुठनं येतोय, राक्षस काय खातो, त्याला पोरंबाळं आहेत का. एकदा प्रभंजननं आठवडाभर खपून उभा केलेला राक्षस सुरजनं भाकरी देऊन वाटेतून बाजूला केला. सायलीनं टाळ्या वाजवल्या. प्रभंजनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"ह्याच्यामुळं आपल्याला कामच उरलं नाही," श्रीकांत म्हणाला. "चुरमुऱ्यांचं गिरमिटसुद्धा अर्धं हाच संपवतो," विनायक म्हणाला. त्याला काढून टाका असं कोणीच म्हणालं नाही. चांगल्या घरची माणसं, असं कशी म्हणतील? "बॅलन्स गेलाय," एवढंच म्हणाले, आणि बॅलन्स म्हटलं की पुढचं काम प्रभंजनचं.

त्यानं ते नेटकेपणानं केलं. सुरजचं दुकान रविवारी चारला सुटायचं, म्हणून तो आल्यापासून खेळ पाचला असे. तो त्यानं दोनवर आणला, सगळ्यांच्या सोयीसाठी. मग नवा नियम टाचला: गैरहजर गड्याचं पात्र टोळीबरोबर मुकाट चालेल, आणि पहिला वार त्याच्यावर. नियम सगळ्यांना सारखा होता. फक्त गैरहजर राहणारा एकच असणार होता. दोन-तीन रविवारांत यल्लप्पा मरेल, सुरजचं प्रकरण आपोआप मिटेल आणि कोणाला वाईटपणा घ्यायला नको, असा हिशेब होता.

हे सांगायला तो कोप्पीकर रोडला गेला तेव्हा सुरज मशीनवर वाकलेला होता. "हरकत न्हाई अण्णा," तो म्हणाला. "माझं जमलं न्हाई तरी यल्लप्पा चालू दे की तुमच्यासंगं." आणि वर त्यानं चहा मागवला. प्रभंजनला लाज वाटली, पण चहा संपेपर्यंत टिकेल एवढीच.

३

पहिल्या रविवारी दुपारी पंचा पसरला. विनायकचा घामट, अंगठी घातलेला हात आला. दोन बोटं. सायलीच्या बांगड्या वाजल्या. दोन बोटं. श्रीकांतचं वाढवलेलं नख लागलं. त्याचीही दोनच. सगळे मागे. प्रभंजन गालात हसला आणि हात काढून घेणार, एवढ्यात समोरच्या बाजूनं आणखी एक हात आला. एक बोट. मी पुढे.

त्यानं सवयीनं ते दाबलं. "यल्लप्पा पुढे," असं म्हणूनही टाकलं, आणि मग त्याची जीभ थबकली.

समोर कोणी नव्हतं. घडी घातलेलं गोणपाट तेवढं होतं. सायली दोन्ही हातांनी शेंगा सोलत होती. विनायकच्या एका हातात मिरची भजी, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. श्रीकांत पाठीमागे हात टेकून रेलला होता.

"दोनदा हात कोणी घातला?" त्यानं विचारलं.

"मी कशाला घालू? चल रे, फासा टाक," श्रीकांत म्हणाला.

प्रभंजननं बोटं पाहिली. टोकांना काळी भुकटी लागली होती. नव्या ताग्याचा रंग निघतो कधीकधी, त्यानं स्वतःला बजावलं, आणि पंच्यानंच बोटं पुसली. मग राक्षसाचा सोटा यल्लप्पाच्या डाव्या खांद्यावर बसला. फाशानं त्याला मारलं नाही, अर्धमेला करून सोडलं. बाकी कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

"आत्ता कुठं झाला बॅलन्स," विनायक भजी चावत म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी तो काम नसताना कोप्पीकर रोडला गेला. मशीनवर दुसराच पोरगा होता, त्याच्याही बोटांना तसलीच काळी भुकटी.

"बिद्दानरी तो, पडला," मालक म्हणाला. "काल दुपारी. जिन्यावरून कागदाचे गठ्ठे खाली आणताना. डावा खांदा मोडला बघा. गावाकडं पाठवून दिलं."

प्रभंजन बराच वेळ झेरॉक्सचा पांढरा उजेड पुढेमागे सरकताना बघत उभा राहिला. माणसं पडतात. हुबळीत रविवारी दुपारी जिन्यावरून पडलेला सुरज काही एकटाच नसेल. खांदे दोनच असतात, त्यातला डावा मोडणं ह्यात आश्चर्य ते काय? इंजिनिअरिंगला संभाव्यता शिकला होता तो, नापास झाला असला म्हणून काय झालं.

मित्रांना त्यानं एवढंच सांगितलं की सुरज गावाला गेला. खांद्याचं सांगितलं नाही. ते सांगायचं तर हाताचं सांगावं लागलं असतं, आणि हाताचं सांगायचं तर तो नियम कोणासाठी घडवला तेही बोलावं लागलं असतं. "गेला होय," श्रीकांत म्हणाला आणि पाय पसरून बसला. सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. आपल्यालाही वाटलं, हे प्रभंजनच्या ध्यानात आलं आणि तो उठून उगाच खिडकीपाशी गेला.

५

पुढच्या रविवारी त्यानं गोष्ट मुद्दाम मिळमिळीत रचली. नदी, नाव, पलीकडे देऊळ. कोणाला काही होण्यासारखं नाही. पण श्रीकांत पडला चोर. देवळाचं बंद दार दिसल्यावर त्याचे हात शिवशिवले, आणि बाकीचेही सरसावले. दार आहे म्हणजे आत काहीतरी असणार. घालायचाच हात.

तीन हात येऊन गेले. तिन्ही मागे. मग समोरून चौथा आला.

तो गार असता तर बरं झालं असतं. थंडगार, हाडाचा, काहीतरी वेगळा असता तर प्रभंजनला ओरडून उठता आलं असतं. पण तो साधा, कोमट, माणसाचा हात होता. अंगठ्याच्या कडेला कागदानं कापल्याच्या रेघा. करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसलेली. ह्या हाताला त्यानं कितीदा चहाचा पेला दिला होता. त्या हातानं एक बोट पुढे केलं.

प्रभंजननं ते दाबलं नाही. हात गेला नाही. तो नुसता थांबला, दुकानात गिऱ्हाइकासमोर अदबीनं थांबतात तसा. मग खालून जिना करकरला. एक पायरी, आणखी एक, आणि वरच्या शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबला. सायलीनं मान वर केली.

"कोण आलं का?"

"अप्पा असतील," प्रभंजन म्हणाला. अप्पा कलघटगीला लग्नाला गेले होते.

"अरे, झालं का? किती वेळ?" विनायक कावला होता.

काय सांगणार होता तो? सुरज आलाय म्हणून? मग सुरजला दोनची वेळ का दिली, हे सायली पहिल्यांदा विचारणार. त्याची कानशिलं तापली. त्याला भीती वाटत होतीच, पण भीतीनं दाबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यानं ते बोट लाजेनं दाबलं.

दार उघडलं आणि वरून उकळतं तेल आलं. यल्लप्पाच्या पायांवर.

दोन दिवसांनी झेरॉक्सवाला रस्त्यात भेटला आणि आपण होऊन म्हणाला, "त्या सुरजचं नशीबच फुटकं बघा. परवा रविवारी चुलीवरचा उकळता हंडा कलंडला म्हणे. दोन्ही पाय."

६

अप्पा दुकानात पेपर वाचत होते. गिऱ्हाईक नव्हतं.

"अप्पा, पंच्याखाली दाबलेलं बोट मोडायचं असलं तर काय करतात?"

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? कुणाला बुडवलास?"

"खेळातलं विचारतोय."

"त्या माणसाच्या दारात जायचं. काय खोट केली ते तोंडानं सांगायचं. परत पंचा टाकायचा. तो पंजा उघडतो. मग आपण आपलं बोट द्यायचं. म्हणजे त्याच्या अंगावरचं आपल्या अंगावर घेतलं. तोटा आपला."

"तुम्ही पाहिलंय कोणाला मोडताना?"

"पेठेत? नाही बा." अप्पांनी पान उलटलं. "तोट्याचं काही नाही रे, तो व्यापाऱ्याला सोसतो. पण तोंडानं सांगायची लाज वाटते माणसाला."

७

"ह्या रविवारी खेळ नाही," त्यानं विनायकला सांगितलं. "मी अळणावरला जातोय. सुरजला बघून येतो."

"तू जा की. आम्ही खेळतो. गोष्ट मी सांगतो, नियम टाचलेलेच आहेत," विनायक म्हणाला आणि हसला. "आता तूसुद्धा गैरहजर. सांभाळून रे, प्रभ्या."

"खेळू नका, विन्या."

"का?"

प्रभंजननं बसच्या वेळेचं काहीतरी सांगितलं आणि निघाला.

बसमध्ये पिशवीत घडी घातलेला पंचा घेऊन तो सगळ्या वाटेत वाक्यं जुळवत होता. वेळ मी मुद्दाम बदलली. नियम तुझ्यासाठीच केला. तू आम्हाला नकोसा झाला होतास. तीनच वाक्यं, पण प्रत्येक थांब्यावर त्यातलं एखादं गळून पडायचं आणि त्याच्या जागी काहीतरी गुळगुळीत येऊन बसायचं.

कौलारू घर, पुढं अंगण. सुरजची आई, सीता, भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "यावा की. तुमीच काय प्रभंजन अण्णा? लय नाव काढतोय तुमचं. म्हणतोय, मला गादीवर बसवून घेतलं त्यांनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "रविवार आला की काय तरी व्हतंय बघा पोराला. आज सकाळधरनं त्याला बाजेवरनं हलू दिलं न्हाई मी. तुमी शिकलेली माणसं, काय असंल ओ हे?"

"योगायोग असतो, मावशी," प्रभंजन म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना.

आत बाजेवर सुरज उशाला टेकून बसला होता. डावा हात छातीशी झोळीत बांधलेला, पाय गुडघ्यांपर्यंत पट्ट्यांत. प्रभंजनला बघून त्याचा चेहरा उजळला.

"अण्णा! यल्लप्पा जित्ता हाय न्हवं?"

"आहे की."

"आणि बाकीच्यांस्नी काय लागलं न्हाई न्हवं?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग झालं," सुरज म्हणाला. त्या दोन शब्दांत टोमणा असता तर प्रभंजननं त्याचे पाय धरले असते. टोमणा नव्हता.

तो बाजेच्या कडेवर बसला. सीताबाई चहा ठेवून अंगणात गेली. आता बोलायचं, असं त्यानं ठरवलं, आणि बोलला ते असं: "डॉक्टर काय म्हणतात?" मग गावातल्या पावसापाण्याचं विचारलं. मग बस किती वाईट होती ते सांगितलं. सुरज "व्हय की, व्हय की" म्हणत होता. शेवटी प्रभंजननं पिशवीतून पंचा काढला आणि चादरीवर पसरला. निदान एवढं तरी करू. तोंडानं नाही तर हातानं.

"एक चाल राहिलीय," तो म्हणाला आणि पंच्याखाली हात घातला.

हात आला. वाकडी करंगळी, अंगठ्याच्या रेघा. पण ह्या वेळी बोट नव्हतं. पंजा उघडा होता. तो त्याच्या हातापुढं पसरून थांबला होता. अप्पांनी सांगितलं होतं ते सगळं त्याला आठवलं. आता फक्त एक बोट द्यायचं. मी पुढे. एवढंच.

धीर यावा म्हणून त्यानं सुरजकडं पाहिलं.

सुरजचा डावा हात झोळीत होता. उजव्या हातात बशी होती आणि तो चहावर फुंकर घालत होता. दोन्ही हात वर, उजेडात. पंच्याखाली तो उघडा पंजा तसाच थांबला होता, कोमट, न हलता.

तेवढ्यात वर कौलांवर काहीतरी टेकलं. पाय टेकून वजन टाकून बघावं, तसं. एक कौल करकरलं, मग त्याच्या पुढचं. माती भुरभुरली ती प्रभंजनच्या गुडघ्यावर. दोन वाजून गेले असणार. दाजीबानपेठेत दुसरा पंचा पसरला असेल, सायली-श्रीकांतनं दोन-दोन बोटं दिली असतील, आणि गैरहजर आज दोघं होते.

वरचा आवाज दोघांच्या मधोमध येऊन थांबला. पंजा वाट बघत होता.

प्रभंजननं हात काढून घेतला.

पंचा सपाट झाला. सुरजनं बशी जमिनीवर ठेवली. वर आढ्याकडं पाहिलं, मग प्रभंजनकडं. त्याला सगळं ठाऊक होतं, वेळेचं, नियमाचं, गिरमिटाचंसुद्धा, आणि पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. बसमध्ये शेजाऱ्याला जागा करून द्यायला सांगावं तितक्या साधेपणानं तो म्हणाला, "अण्णा, जरा तिकडं सरका की. ते माझं हाय."

आणि प्रभंजन सरकला.